बाहेरचा ईसीयू बसवलाय? मग ट्यूनिंग मे महिन्याच्या हिशोबाने करा

संभाजीनगरात जुन्या गाडीला बाहेरचा ईसीयू (इंधन आणि स्पार्क सांभाळणारा इंजिनचा कॉम्प्युटर) बसवला की पहिला प्रश्न ठरलेला: "पिकअप किती वाढला?" पहिले दोन दिवस तरी पिकअपचं नाव काढू नका.

खरं तर त्याआधी मूळ ईसीयूच रीमॅप करून, म्हणजे त्यातलेच आकडे बदलून, भागतं का ते बघा. टर्बो गाडीत बहुधा भागतं. टर्बो नसलेल्या, बाकी काही न बदललेल्या इंजिनात नुसत्या ईसीयूने फार काही हाती लागत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, रस्त्यावरच्या गाडीत मनाला येईल तो बदल चालत नाही.

वायरिंग करताना क्रँक सेन्सरची (इंजिनचा दांडा फिरून कुठे आलाय ते सांगणाऱ्या सेन्सरची) वायर जाळीवाली घ्या आणि स्पार्क देणाऱ्या कॉइलपासून लांब ठेवा. सकाळी गार गाडीत लॅपटॉप जोडा. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. नसेल तर सेन्सरची सेटिंग चुकलीय.

आता टायमिंग, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडतो ते. इथे घाई नको. ईसीयूत टायमिंग 10 अंशांवर लॉक करा, पुलीच्या खुणेवर खडू फिरवा आणि टायमिंग लाइट (स्पार्कबरोबर लुकलुकणारा दिवा) मारा. खूण 18 वर दिसली तर लॅपटॉपवरचे 10 खोटे. ऑफसेट, म्हणजे हा फरक, ईसीयूत दुरुस्त करा, मग रेस वाढवून बघा. खूण जागची हलता कामा नये.

इंधनासाठी वाइडबँड सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) हवाच. आकडे लॅम्डात (हवा गरजेच्या किती पट आहे त्यात) वाचा, कारण हवा-इंधनाचं 14.7 हे प्रमाण शुद्ध पेट्रोलचं. ई20 ला (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) ते साधारण 13.5 पडतं. लॅम्डा 1 मात्र दोन्हीकडे 1 च. सावकाश चालताना 1, फुल थ्रॉटलला 0.85 च्या आसपास. हे जमल्यावरच इग्निशन टायमिंगला हात लावा, तोही एकेक अंशाने आणि शक्यतो डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर). ताकद वाढायची थांबली की तुम्हीही थांबा.

मी जानेवारीत ट्यून केलेली गाडी मे महिन्यात भर दुपारी कन्नडचा घाट चढताना डब्यात खडे हलवावेत तशी वाजायला लागली, म्हणजे इंधन आपोआप अवेळी पेटत होतं. प्लग काढला तर पांढऱ्या चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे बारीक चकचकीत ठिपके, म्हणजे पिस्टनच झिजत होता. लॉगमध्ये आत येणारी हवा 58 अंश, आणि गरम हवेला टायमिंग मागे घेणारा (स्पार्क उशिरा पाडणारा) तक्ता मी शून्यावरच सोडलेला. आता गाडी कुणाचीही असो, तो तक्ता आधी भरतो आणि शेवटची चाचणी दुपारी दोनला घेतो.