चिंचोक्यांची बरणी: वर्गाला बक्षीस देताना या चुका टाळा

वर्गाने ठरलेला नियम पाळला की बरणीत एक चिंचोका टाकायचा, आणि बरणी भरली की सगळ्या वर्गाला बक्षीस, असा हा खेळ. त्यात बरणीत पडलेले चिंचोके परत काढू नका. सगळ्यांत मोठी चूक हीच, आणि ती मी स्वतः केली आहे. तिसरीचा वर्ग होता. ४० चिंचोके जमले की शेवटचा तास मैदानावर, असं ठरलेलं. एकाने भांडण उकरून काढलं आणि मी रागाच्या भरात मूठभर चिंचोके बाहेर काढले. मधल्या सुट्टीत पोरांनी त्याला हातपंपाजवळ घेरलं, "तुन्हामुये गयं!" (तुझ्यामुळे गेलं!) पुढचे दोन दिवस तो शाळेतच आला नाही. पोरांनी कमावलेलं त्यांचंच राहू द्या. ज्याचं चुकलं त्याच्याशी बाजूला घेऊन बोला.

तरी तो मुद्दाम खोड्या करत राहिला तर? ही अडचण जुनी आहे. अमेरिकेतल्या कॅन्सासमध्ये चौथीच्या वर्गावर असाच खेळ करून पाहिला (तो अभ्यास १९६९ साली छापून आला), तेव्हाही दोन मुलं खेळायला तयार नव्हती. त्यांना गटातून वगळलं. मी वगळत नाही. त्याला जमेल असं एकच काम देते, वह्या वाटण्याचं म्हणा, आणि झालं की चिंचोका त्याच्याच हाताने टाकायला लावते. टप्प आवाज होतो, सगळा वर्ग त्याच्याकडे बघतो. त्या पोराचा चेहरा तेव्हा बघावा.

"शहाण्यासारखं वागा" हा नियम होऊच शकत नाही. "घंटा झाली की पाणी पिऊन रांगेत बसायचं" हा नियम. तोही पहिली-दुसरीला अहिराणीत, भिलीत, पावरीत, घरी जे बोलतात त्या भाषेत सांगा.

हजेरीला चिंचोका ठेवू नका. कापूस वेचणीला किंवा ऊसतोडीला आई-बाप घेऊन गेले, त्यात लेकराचा काय दोष? त्याच्यामुळे बरणी अडली, असं वर्गाला वाटता कामा नये.

चॉकलेटवर पैसे घालवू नका. निंबाखाली गोष्ट, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी, एक जादा खेळाचा तास, एवढं पुरतं. पहिली बरणी मात्र लहान घ्या, आठवड्यात भरेल अशी. ती महिनाभर रिकामी दिसली की पोरं नाद सोडतात.

आणि भरली त्याच दिवशी बक्षीस द्या. केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, शिक्षकांची शिक्षण परिषद होती म्हणून मी एकदा शुक्रवारचं सोमवारवर ढकललं. सोमवारी कोणी बरणीकडे पाहिलंसुद्धा नाही.