व्यक्तीचा आयडी टॅबवरच तयार करा

मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे आरोग्याच्या नोंदी टॅबवर (टॅबलेटवर) घेताना मोबाईल रेंजचा भरवसा नाही. म्हणून व्यक्तीचा यूयूआयडी (कुठेही तयार केला तरी सहसा दुसऱ्याशी न जुळणारा लांबलचक आयडी) सर्व्हरवर नव्हे, टॅबवरच तयार करा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तीच प्रायमरी की (नोंद ओळखण्याची खूण) ठेवा, आणि नोंद टाकणाऱ्या इन्सर्ट कमांडला ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ (तीच की आधीच असेल तर काय करायचं ते) जोडा. मग रेंज आल्यावर तीच नोंद दोनदा आली तरी डुप्लिकेट होत नाही. मोबाईल नंबर की म्हणून नकोच, एका फोनवर अख्खं घर असतं.

नावांचं टेबल वेगळं ठेवा, म्हणजे एका व्यक्तीला अनेक नावं जोडता येतील. बाई बाळंतपणाला माहेरी गेली की तिथे माहेरच्या नावाने पुन्हा नोंद होते. अशा दोन नोंदी जोडताना जुनी पुसू नका, तिच्यात कायम ठेवलेल्या नोंदीचा आयडी लिहा. नाहीतर जुन्या नोंदीवरचे हिमोग्लोबिनचे रिपोर्ट कुणाचे ते कळणार नाही. जन्मतारीख ०१-०१-१९८५ अशी अंदाजे टाकली, तर शेजारी ‘फक्त वर्ष माहीत’ हा कॉलम हवाच.