आत्मचरित्र पहिल्या पानापासून देऊ नका

मुलांच्या हाती आत्मचरित्र देताना कुळ, जन्म, मूळ गाव इथून सुरुवात केली की ती कंटाळतात. त्याऐवजी शाळकरी वयातला एखादा प्रसंग आधी मोठ्याने वाचून दाखवा. महर्षी कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ (१९१५) घ्या. सहावीच्या परीक्षेसाठी ते कोकणातल्या, दापोलीजवळच्या मुरूडहून पायी साताऱ्याला गेले, तेही पावसात, सह्याद्री चढून. आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही! इथेच थांबा आणि नकाशा उघडा. मुरूड ते सातारा मुलालाच बोटाने शोधू द्या. मधला घाट दिसला की ते अंतर त्याला खरं वाटू लागतं. ‘मग पुढे काय झालं?’ असं त्याने विचारलं, की पुस्तक त्याच्याकडे सोपवा. भाषा जुनी आहे, अडेल तिथे शेजारी बसा.