दहा रुपयांची द्विधातू स्मारक नाणी जमवताय? या चुका टाळा

‘वैष्णोदेवीचं दहाचं नाणं आहे माझ्याकडे, दहा लाख मिळतील ना?’ वर्षातून चार-पाच जण तरी मला हे विचारतात. दहा रुपये मिळतील, हे मी खात्रीनं सांगतो. श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघालेलं 2012 सालचं हे नाणं चलनात होतं, आजही सुट्ट्या पैशांत हाती येतं. लाखांच्या जाहिरातीमागे बहुधा ‘आधी नोंदणी शुल्क भरा’ असतं. रिझर्व्ह बँकेच्या नावानं असे पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेनंच 2021 मध्ये जाहीर केलं होतं. किंमत बघायची तर मागितलेली नको, प्रत्यक्ष विक्री झालेली बघा.

दुसरी फसगत टाकसाळचिन्हाची. सालाखाली हिऱ्यासारखा चौकोन म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा. कोलकात्याच्या नाण्यावर चिन्ह नसतंच. तरीही ‘चिन्ह छापायचं राहून गेलं, अतिदुर्मिळ’ म्हणून कोलकात्याचं साधं नाणं दामदुपटीनं गळ्यात मारलं जातं. मुंबईच्या प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्यावर मात्र चौकोनाऐवजी ‘एम’ दिसतो, तो खोटा समजू नका.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते ‘एरर’, म्हणजे टाकसाळीतच चुकीची घडल्याचं सांगून विकलेल्या नाण्यांत. त्यासाठी हे नाणं घडतं कसं ते कळलं पाहिजे. बाहेरचं कडं आणि मधली चकती दोन्ही कोरी असतानाच एकात एक बसवतात, मग साच्यांचा एकच दाब. त्या दाबानं धातू पसरून सांधा पक्का होतो आणि कड्यावरची अक्षरं व चकतीवरचं चित्र एकाच वेळी उमटतं. म्हणजे चकती आधी कशीही बसलेली असो, छाप दोन्हींवर जुळलेलाच येणार. कड्यावरचं ‘भारत’ सरळ आणि मधला अशोकस्तंभ तिरका, असं नाणं कुणी दाखवलं तर ती टाकसाळीची चूक नव्हे. नंतर सैल होऊन फिरलेली किंवा कुणीतरी शेगड्यात (व्हाइसमध्ये) दाबून काढून पुन्हा ठोकलेली चकती आहे ती. उलटी बसवलेली चकतीही त्याच ठोकाठोकीतली! भिंगाखाली सांध्याभोवती ओरखडे, दबलेली कड किंवा गोंद दिसतो.

याउलट, दोन्ही बाजूंचे छाप एकमेकांशी फिरलेले असतील तर ती खरी चूक असू शकते. आपली नाणी उभ्या अक्षाभोवती फिरवली की मागची बाजूही सरळच दिसायला हवी. ती पाच-दहा अंशांनी कलली तर फार हुरळू नका. नव्वद अंश किंवा त्याहून जास्त असेल तर जाणकाराला दाखवा.

वजनकाटा जवळ ठेवा. रुपयाचं चिन्ह आल्यानंतरचं, म्हणजे 2011 ते 2018 या काळातलं दहाचं नाणं 27 मिलिमीटर व्यासाचं आणि 7.71 ग्रॅमचं. आणि कड्यावर दहा किरणरेषांचं नाणं खरं की पंधरा रेषांचं, या वादात वेळ घालवू नका; दोन्ही खरी आहेत. रिझर्व्ह बँकेनं 2018 मध्ये दहाच्या नाण्याचे तेव्हापर्यंतचे 14 नमुने वैध असल्याचं स्पष्ट केलं आहे.

आता माझी स्वतःची चूक. संसदेच्या साठ वर्षांचं, 2012 सालचं जवळपास नवंकोरं नाणं मी चिंचेनं घासलं. कडं झळाळलं, मूळची मऊ चमक गेली आणि आठवडाभरात सांध्याजवळ काळी रेघ उमटली. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले की फटीत अडकलेली ओल आणि आंबट रस गंजायला पुरेसे होतात. मळ फारच असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून काढा आणि मऊ कापडानं नुसतं टिपा, घासू नका. पावडर, लिंबू, टूथपेस्ट, काहीही नको.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, स्वस्तातले मऊ प्लास्टिकचे अल्बम घात करतात. पीव्हीसीचा हिरवा चिकट थर एकदा चढला की ॲसिटोनशिवाय निघत नाही. मायलरची (पीव्हीसी नसलेल्या पॉलिएस्टर प्लास्टिकची) पाकिटं आणि सिलिका जेलची पुडी पुरते. टाकसाळीकडून आलेला प्रूफ संच मात्र ‘नीट बघू या’ म्हणून फोडू नका. बघायचंच असेल तर सुट्ट्या पैशांतलं दुसरं नाणं आहे की.