झाडीपट्टीच्या गावात १९१६ चा मुका सिनेमा कसा दाखवाचा

दिवाळी झाली का आपल्याकडे, पूर्व विदर्भात, मंडई म्हणजे गावची जत्रा, दंडार म्हणजे लोकनाट्य, नाटकं सुरू होतात, लोकं रात्र रात्र जागतात, तर त्यातलीच एक रात्र 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' ला द्या. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरचा १९१६ चा अमेरिकन सिनेमा, पावणेदोन तासांचा. कॉपीराइट संपला आहे, पण नेटवरच्या प्रिंटला कोणी नवीन म्युझिक लावलं असेल तर ते त्याचं असते, म्हणून आवाज बंदच ठेवा. तसंही वाजवणारे आपल्या गावात आहेतच ना.

पडद्याले दोन चादरी जोडू नका, शिवण बरोबर सिनेमातल्या कॅप्टन नेमोच्या तोंडावर येते. एकच मोठा पांढरा कपडा घ्या, वर-खाली बांबू घाला, खालचा बांबू दोरीनं खुंट्याले ताणून बांधा. लाइट जातेच, इन्व्हर्टर आधीच चार्ज करून ठेवा.

खरं काम सांगणाऱ्याचं. मुक्या सिनेमात बोलणं पडद्यावर लिहून येते, त्या इंग्रजी पाट्या दोन-चार सेकंदच थांबतात, म्हणून दंडारीत बोलणारा खणखणीत गळ्याचा माणूस धरा, त्याले सिनेमा दोनदा दाखवा आणि वहीत आपल्या बोलीत लिहून घ्या, शब्दाले शब्द नको, "हा म्हणते का जहाज बुडवीन" एवढं पुरते. सिनेमात तीन गोष्टी एकात एक आहेत, नेमोची पाणबुडी, फुग्यातून बेटावर पडलेली माणसं आणि डेन्व्हर नावाच्या माणसाची बोट. हे सुरू व्हायच्या आधीच सांगा, नाही तर अर्धा तास लोकं "हा कोण होय?" हेच विचारत राहतात. नेमो कोण हे मात्र बिलकुल सांगू नका!

पाण्याखालचे सीन बहामाजच्या खऱ्या समुद्रात घेतलेले आहेत. विल्यमसन भावांनी बोटीतून लोखंडी नळी खाली सोडली, तिच्या बुडाशी काचेची खिडकी असलेली खोली, तिच्यात बसून कॅमेरा चालवला. आमच्याकडे या जागी तबला पूर्ण थांबवला, हार्मोनियमवर एकच सूर धरून ठेवला. पाणबुड्यानं वाळूत पाय टाकला, धूळ उठावी तसं पाणी गढूळ झालं, तर पुढं बसलेले एक आजोबा म्हणाले, मामा तलावात (म्हणजे गावच्या जुन्या मालगुजारी तलावात) उतरलं का गाळ असाच उठते जी. समुद्र कोणीच पाहिला नव्हता, पण ते सगळ्यांले समजलं. ऑक्टोपस बनवलेला आहे, दिसतेही तसाच, पोट्टे हसतात, हसू द्या, तिथं ढोलकी जोरात पाहिजे.

शेवटी नेमोच सांगते का मी हिंदुस्थानचा राजकुमार दाक्कार. त्या पाटीआधी सांगणाऱ्यानं श्वासभर थांबावं, मग हळूच वाचावं. नेमोले समुद्राच्या तळाशी पुरतात, पाणबुडीही बुडते, तोवर मांडवातला हॅलोजन कोणाले लावू देऊ नका.