डोपामिनचा स्कॅन : कधी करावा, तयारी काय करावी, रिपोर्ट कसा वाचावा

कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे, निदान आजही प्रामुख्याने न्यूरॉलॉजिस्टच्या तपासणीवरच होते. हालचालींतला मंदपणा आणि त्याच्या जोडीला हात स्वस्थ असतानाची थरथर किंवा ताठरपणा स्पष्ट दिसत असेल, शिवाय कंपवातात कमी पडणारे डोपामिन हे मेंदूतले रसायन भरून काढणाऱ्या लेव्होडोपा या औषधाने चांगला गुण येत असेल, तर स्कॅनमधून नवे फारसे काही कळत नाही. खर्च मात्र होतो. स्कॅन उपयोगी पडतो तो शंका असताना. थरथर कंपवाताची आहे की इसेन्शियल ट्रेमरची (काम करताना हात थरथरण्याचा वेगळा विकार), किंवा ताठरपणा मूळ आजाराचा आहे की मानसिक आजारावरील औषधांनी अथवा पित्तासाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या लेव्होसल्पिराइडसारख्या गोळीने आला आहे, हे ठरवायचे असेल तर तो जरूर करावा.

आपल्याकडे ट्रोडॅट स्पेक्ट आणि एफ-डोपा पेट असे दोन स्कॅन होतात (स्पेक्ट आणि पेट या किरणोत्सारी द्रव्य टोचून चित्र घेण्याच्या पद्धती). अमेरिकेत 2011 मध्ये मान्यता मिळालेला डॅटस्कॅन ट्रोडॅटच्याच जातीचा आहे. ट्रोडॅट मज्जातंतूंच्या टोकांवरील डोपामिन परत शोषणारी प्रथिने दाखवतो, तर एफ-डोपा डोपामिन तयार करून साठवण्याची त्या टोकांची क्षमता दाखवतो. आजाराच्या सुरुवातीला उरलेली टोके जास्त डोपामिन बनवून तूट भरून काढू पाहतात आणि शोषणारी प्रथिने कमी करतात, म्हणून त्याच रुग्णात एफ-डोपाचे चित्र किंचित बरे आणि ट्रोडॅटचे किंचित वाईट दिसू शकते.

अपॉइंटमेंट घेतानाच चालू औषधांची पूर्ण यादी केंद्राला द्यावी. ब्युप्रोपिऑन आणि मिथाइलफेनिडेट ही औषधे ट्रोडॅटचे चित्र बिघडवतात. लेव्होडोपाचा त्यावर लक्षणीय परिणाम होत नाही. एफ-डोपासाठी मात्र लेव्होडोपा साधारण 12 तास आधी थांबवतात आणि काही तास उपाशीपोटी राहावे लागते. कोणतेही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. ट्रोडॅटमध्ये इंजेक्शननंतर काही तास थांबून मग चित्र घेतात, त्यामुळे जवळजवळ सगळा दिवस मोकळा ठेवावा आणि मान फार थरथरत असेल तर ते आधीच सांगावे, कारण डोके हलल्यास चित्र अस्पष्ट येते.

रिपोर्ट वाचताना प्रथम 'स्ट्रायटम' या शब्दाकडे पाहावे; डोपामिनच्या मज्जातंतूंची टोके असलेला हा मेंदूच्या आतला भाग. निरोगी मेंदूत त्याच्या दोन्ही बाजू स्वल्पविरामासारख्या उजळतात. कंपवातात स्ट्रायटममधल्या पुटामेन या भागाची मागची बाजू आधी मंदावते, म्हणजे स्वल्पविरामाची शेपटी जाऊन टिंब उरते, आणि तेही बहुधा एका बाजूला अधिक. उजवा हात थरथरत असेल तर मेंदूची डावी बाजू जास्त मंद असणे अपेक्षित असते. तसे नसल्यास डॉक्टरांना त्याचे कारण विचारावे.

स्कॅन सदोष आला म्हणजे कंपवातच, असे मात्र धरून चालू नये. मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी आणि प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी या कंपवातासारखी लक्षणे असलेल्या वेगळ्या आजारांतही तशीच घट दिसते आणि त्यांतला फरक या स्कॅनने सहसा कळत नाही. उलट, स्कॅन सामान्य आला तर निदानाचा गांभीर्याने फेरविचार व्हायला हवा. पण तोवर चालू असलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नयेत, कारण लेव्होडोपा अचानक थांबवल्याने तीव्र ताठरपणा आणि ताप येण्याचा धोका असतो.