कर्नलमधल्या बस ड्रायव्हरसाठी रस्टचं सुरक्षित रॅपर कसं लिहावं

रॅपर लिहायला घेतलं की पहिला मोह ठरलेला असतो. सीच्या फंक्शनभोवती अनसेफ ब्लॉक घालायचा, वर रस्टचं साधं दिसणारं फंक्शन ठेवायचं आणि मोकळं व्हायचं. कंपायलर काही बोलत नाही, सेन्सरचं तापमानही बरोबर येतं. मग कुणीतरी चालू ड्रायव्हर अनबाइंड करतं, म्हणजे डिव्हाइसपासून सोडवतं, आणि कर्नल कोसळतो.

लिनक्स कर्नलमध्ये रस्टला जागा मिळाली ती डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत. तिथली उतरंड अशी: तळाशी सीचा कोड, त्यावर आपोआप तयार होणारी बाइंडिंग्ज, त्यावर ‘कर्नल’ नावाच्या क्रेटमधली रॅपर्स आणि सगळ्यात वर ड्रायव्हर. ड्रायव्हरनं बाइंडिंग्जना थेट हात लावायचा नाही, त्यामुळे अनसेफचा सगळा भार मधल्या थरावर येतो. सीच्या प्रत्येक फंक्शनमागे एक करार असतो. त्यातला थोडा हेडरमध्ये सापडतो, थोडा कॉमेंटमध्ये, आणि उरलेला फक्त मेंटेनरला ठाऊक असतो. तो करार टाइपमध्ये उतरवायचा, हे मधल्या थराचं काम.

उदाहरणासाठी आयटूसी बस घेतो, कारण ती छोटी आहे: दोन तारा, बहुधा सात बिटांचा पत्ता आणि मोजकी फंक्शन्स. रस्टमधली मालकी आणि बॉरो या कल्पना ओळखीच्या आहेत असं धरतो. खालची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, कोडमध्ये अर्थातच मूळ स्पेलिंग.

पायरी १: एडिटरआधी कागद

ज्या सी फंक्शनला गुंडाळायचंय त्याचा सोर्स वाचा. नुसतं हेडर पुरत नाही. वाचताना कागदावर उत्तरं लिहीत जा. दिलेला पॉइंटर कोण जिवंत ठेवतं? फंक्शन परतल्यावरही कर्नल तो धरून ठेवतो का? आत झोप लागू शकते का, म्हणजे थ्रेड वाट पाहत थांबू शकतो का? लॉक कोण घेतं? परत येणाऱ्या आकड्याचा अर्थ काय?

आयटूसी_ट्रान्सफरपुरतं उत्तर सोपं आहे. काम आटोपल्यावरच ते परततं, म्हणून बफर तेवढ्यापुरता उधार दिला तरी चालतो. बसचं लॉक ते स्वतः घेतं. आत झोपू शकतं. एसपीआय बसच्या एसपीआय_असिंकचं तसं नाही. ते लगेच परततं, पण पूर्ण झाल्याचा कॉलबॅक येईपर्यंत मेसेज आणि बफर दोन्ही जिवंत लागतात. इथे बरेच जण एक गार्ड बनवतात आणि त्याच्या ड्रॉपमध्ये वाट बघतात. फसतं ते असं: रस्टमध्ये व्हॅल्यू ‘विसरून जाणं’ सेफ मानलं जातं, म्हणजे ड्रॉप चालेलच याची हमी कुणी देत नाही. अशा ठिकाणी बफरची मालकीच रॅपरकडे द्यावी लागते. म्हणून पहिलं रॅपर लिहिताना असिंकच्या वाटेला जाऊ नका.

पायरी २: बाइंडिंग्ज आणि हेल्पर

बाइंडिंग्जच्या हेल्पर हेडरमध्ये आयटूसीचं हेडर जोडलं की बाइंडजेन (सीच्या हेडरमधून बाइंडिंग्ज बनवणारं साधन) बाकीचं पाहून घेतं. फक्त स्टॅटिक इनलाइन फंक्शन्स आणि फंक्शनसारखे मॅक्रो त्याच्या हाती लागत नाहीत. डेव्_गेट_ड्रव्हडेटा किंवा आयटूसी_चेक_फंक्शनॅलिटी हे त्यातलेच. त्यांच्यासाठी रस्ट/हेल्पर्स डिरेक्टरीत ‘रस्ट_हेल्पर_’ या उपसर्गाचं एकेका ओळीचं सी फंक्शन लिहायचं. हमाली आहे, करून टाकायची.

पायरी ३: स्ट्रक्टला कवच

आयटूसी_क्लायंट हा बसवरचं एक डिव्हाइस दाखवणारा सीचा स्ट्रक्ट. त्यातली फील्ड्स कर्नल आपल्या पाठीमागे कधीही बदलू शकतो, त्यामुळे त्याचा थेट रस्ट रेफरन्स घेतला तर कंपायलरला खोटं वचन दिल्यासारखं होतं. उपाय तयार आहे: त्याला ‘ओपेक’ या टाइपमध्ये ठेवा आणि बाहेरच्या स्ट्रक्टवर ‘रेप्र ट्रान्स्परंट’ लावा. म्हणजे मेमरीतली मांडणी जशीच्या तशी राहते आणि सीकडून आलेला पॉइंटर आपल्या टाइपच्या रेफरन्समध्ये बदलता येतो.

रेफरन्स काउंटसाठी ‘ऑल्वेज रेफ काउंटेड’ हा ट्रेट लिहा: वाढवताना गेट_डिव्हाइस, घटवताना पुट_डिव्हाइस. मग ‘ए-रेफ’ हा स्मार्ट पॉइंटर फुकट मिळतो. सेंड आणि सिंक हे दोन ट्रेट मात्र सवयीनं चिकटवू नका. ‘ट्रान्सफर आतून बसचं लॉक घेतं, म्हणून दोन थ्रेडनी एकदम बोलावलं तरी चालतं’ असं एक वाक्य लिहिता आलं तरच सिंक.

पायरी ४: मेसेज, म्हणजे खरी जोखीम

आयटूसी_एमएसजी या स्ट्रक्टमध्ये चारच गोष्टी: पत्ता, फ्लॅग्ज, लांबी आणि बफरचा पॉइंटर. दिसायला गरीब, पण नीट बघा. हा पॉइंटर कायम बदलता येणाऱ्या मेमरीचा असतो, मग तुम्ही लिहीत असा की वाचत असा. बफरमध्ये डेटा पडणार की बफरमधून उचलला जाणार, हे फक्त फ्लॅग्जमधला ‘आरडी’ हा बिट ठरवतो. आता समजा रॅपरनं फ्लॅग्ज बाहेरून घेतले आणि बफर म्हणून वाचनापुरती स्लाइस घेतली. ड्रायव्हरनं आरडी लावून ती दिली, तर जी मेमरी बदलणार नाही असं कंपायलरनं धरलंय, तिच्यावरच कर्नल लिहील. ड्रायव्हरमध्ये अनसेफ हा शब्द एकदाही न येता अनडिफाइंड बिहेवियर.

म्हणून फ्लॅग्ज खाजगी ठेवा आणि दोनच कन्स्ट्रक्टर द्या. ‘रीड’ बदलण्याजोगी स्लाइस घेतो आणि स्वतः आरडी लावतो. ‘राइट’ साधी स्लाइस घेतो आणि आरडी कधीच लावत नाही. स्ट्रक्टमध्ये सीचा मेसेज आणि शेजारी फँटमडेटामध्ये (जागा न घेणारं, फक्त टाइपपुरतं फील्ड) बफरचं लाइफटाइम ठेवलं की मेसेज जिवंत असेपर्यंत बफर हलत नाही. रेप्र ट्रान्स्परंट इथेही लावा, म्हणजे मेसेजची अख्खी स्लाइस कॉपी न करता आयटूसी_ट्रान्सफरच्या हाती देता येते.

आणखी दोन फ्लॅग्ज सांगतो, कारण फ्लॅग्ज उघडे का ठेवू नयेत ते त्यांच्यावरून पटतं. ‘रेक्व्ह_लेन’ लावला की किती डेटा येणार हे समोरची चिप पहिल्या बाइटमध्ये सांगते, आणि त्या बाइटशिवाय ३२ बाइट मावतील एवढा बफर लागतो. म्हणजे एक बाइटची स्लाइस आणि हा फ्लॅग एकत्र आले की ओव्हरफ्लोचं नियंत्रण चिपकडे गेलं. दुसरा ‘डीएमए_सेफ’. बफर थेट डीएमएला (प्रोसेसरला वगळून मेमरीत होणारी ये-जा) देण्याजोगा आहे, असं त्यातून आपण कंट्रोलर ड्रायव्हरला सांगतो. स्टॅकवरच्या स्लाइसबद्दल असं सांगणं म्हणजे धडधडीत खोटं बोलणं. गरज पडलीच तर त्या दोघांसाठी वेगळे टाइप करा. एसपीआयमध्ये तर साध्या ट्रान्सफरच्या बफरनाही डीएमएची अट आहे, त्यामुळे आयटूसीचं रॅपर तिकडे नुसतं नाव बदलून नेता येत नाही.

लांबीचं फील्ड १६ बिटांचं आहे. ६५,५३५ पेक्षा मोठी स्लाइस आली आणि तुम्ही ‘ॲज’ वापरून लांबी कापलीत, तर मेमरी बिघडत नाही, पण अर्धवट काम यशस्वी म्हणून खपतं. ट्राय_फ्रॉम वापरा आणि चूक परत करा.

पायरी ५: परत आलेला आकडा

कर्नल क्रेटमध्ये ‘टू_रिझल्ट’ हे सोयीचं फंक्शन आहे: आकडा ऋण असला तर एरर, नाहीतर ओके. मी एकदा ते आयटूसी_ट्रान्सफरवर डोळे मिटून वापरलं. पण ते फंक्शन पार पडलेल्या मेसेजेसची संख्या परत करतं. दोन मेसेज पाठवले आणि १ परत आला, तर टू_रिझल्टच्या लेखी सगळं आलबेल. बफरमध्ये मात्र मी आधी भरलेली शून्यंच होती, आणि थर्मामीटर शून्य अंश दाखवत बसला. माझा अर्धा दिवस वायरिंग तपासण्यात गेला. संख्या पाठवलेल्या मेसेजेसएवढी नसेल तर ईआयओ (इनपुट-आउटपुट एररचा कोड) परत करा. आयटूसी_एसएमबस_रीड_बाइट_डेटाची (एसएमबस हा आयटूसीवर आधारलेला प्रोटोकॉल) तऱ्हा आणखी वेगळी: एकाच ३२ बिटी आकड्यात ऋण म्हणजे एरर आणि नाहीतर वाचलेला बाइट. दर फंक्शनला वेगळी वागणूक, इलाज नाही.

पायरी ६: जिवंत असणं आणि जोडलेलं असणं

सुरुवातीला कोसळलेला कर्नल इथला. रेफरन्स काउंट क्लायंटची मेमरी राखतो, ड्रायव्हर त्या डिव्हाइसला जोडलेला आहे याची हमी देत नाही. सिसएफएसमधल्या (कर्नलमधली डिव्हाइसं आणि ड्रायव्हर फाइलींसारखे दाखवणारी यंत्रणा) अनबाइंड फाइलमध्ये डिव्हाइसचं नाव लिहिलं की ड्रायव्हर सुटतो. पुढे बसचा अडॅप्टरही (बस चालवणारा कंट्रोलर) निघून जाऊ शकतो. क्लायंट तुमच्या ए-रेफमध्ये सुखरूप असेल, पण त्याच्या आतला अडॅप्टरचा पॉइंटर कशावर बोट ठेवतोय ते देव जाणे.

यावर कर्नलनं टाइपमध्येच अवस्था लिहायची पद्धत काढली आहे: नॉर्मल, बाउंड, कोअर. ट्रान्सफरची मेथड फक्त ‘बाउंड’ अवस्थेतल्या क्लायंटवर ठेवा. प्रोबमध्ये (डिव्हाइस जोडताना कर्नल बोलावतो ते ड्रायव्हरचं फंक्शन) मिळणारा रेफरन्स ‘कोअर’चा असतो आणि तो आपोआप बाउंडमध्ये उतरतो. ए-रेफ करून बाजूला ठेवलेला मात्र नॉर्मल होतो, मग ट्रान्सफर कंपाइलच होणार नाही. ड्रायव्हर लिहिणारा वैतागेल. वैतागू दे.

मॅप केलेल्या रजिस्टरसारख्या गोष्टींसाठी ‘डेव्हरेस’ आहे. तो अनबाइंड होताना प्रवेशच काढून घेतो. त्याच्या ‘ट्राय_ॲक्सेस’मधून मिळणारा गार्ड आरसीयूचं (कर्नलमधली वाचकांसाठीची हलकी लॉक पद्धत) रीड लॉक धरून असतो आणि ते धरून झोपायचं नसतं, तेव्हा तो हातात असताना आयटूसी ट्रान्सफर करू नका, कारण त्यात झोप लागू शकते. ही चूक कंपायलर पकडत नाही, डॉक कॉमेंटमध्येच लिहावी लागते.

पायरी ७: सीकडून येणाऱ्या हाका

आयटूसी_ड्रायव्हरचा स्ट्रक्ट नोंदवला की कर्नल त्याचा पत्ता लक्षात ठेवतो, म्हणून तो पिन केलेला (मेमरीतली जागा न बदलणारा) हवा आणि नोंदणी रद्द करणं ड्रॉपमध्ये हवं. ही बरीचशी यंत्रणा ‘ड्रायव्हर’ मॉड्यूलमधल्या रजिस्ट्रेशन टाइपमध्ये तयार मिळते. आपण द्यायचे ते एक्सटर्न सी कॉलबॅक: पॉइंटर आपल्या टाइपमध्ये बदलायचा, ड्रायव्हरच्या ट्रेटमधला प्रोब बोलवायचा, एरर आला तर ऋण आकडा परत करायचा. आयडी टेबलच्या शेवटी शून्यांची नोंद लागते. ती विसरली तर कर्नल टेबलाबाहेर वाचत सुटतो. ती नोंद ‘आयडी_ॲरे’ स्वतः जोडतो, म्हणून हातानं टेबल बांधू नका.

पायरी ८: सेफ्टी कॉमेंट

प्रत्येक अनसेफ ब्लॉकवर ‘सेफ्टी’ कॉमेंट हवीच, नसली तर क्लिपी (रस्ट कोडमधल्या चुका दाखवणारं साधन) टोकते. ‘पॉइंटर वैध आहे’ ही कॉमेंट नव्हे, ती नुसती आशा झाली. ‘सेल्फ बाउंड आहे, म्हणून अडॅप्टर जिवंत आहे, मेसेजेसचे बफर त्यांच्या लाइफटाइमइतके टिकतात आणि फंक्शन परतल्यावर कर्नल ते वापरत नाही’ ही कॉमेंट. पायरी १ चा कागद इथे कामी येतो. एखादं कारण लिहिता येईना, तर दोष बहुधा टाइपमध्ये असतो.

पायरी ९: चिपशिवाय चाचणी

आयटूसी-स्टब हे मॉड्यूल चिप_ॲड्र पॅरामीटरला हेक्साडेसिमल ४८ देऊन लोड करा. त्या पत्त्यावर एक खोटी चिप उभी राहते. एसएमबसची रीड-राइट फंक्शन्स तिच्यावर तपासता येतात, आणि ड्रायव्हर पुन्हापुन्हा बाइंड-अनबाइंड करून पायरी ६ ही. स्टबमध्ये थेट मेसेज पाठवायची सोय नाही, त्यामुळे आयटूसी_ट्रान्सफर तिथे ईओपीनॉटसप (‘ही सोय नाही’ असा एरर) परत करतं. एररची वाट तपासायला तेही उपयोगी पडतं. खऱ्या मेसेजेससाठी क्यूईएमयूमध्ये (आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) टीएमपी१०५ हा आभासी तापमान सेन्सर जोडा, आणि एका तरी चाचणीत बफर शून्याऐवजी हेक्साडेसिमल एए नं भरून ठेवा.